मुकादमाची वही आणि सरकारची दप्तरे

दसऱ्याला वाटलेली आपट्याची पाने अजून देव्हाऱ्यात वाळत असतात, तोच धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरील तालुक्यांतून माणसे ट्रकांत नि ट्रॅक्टरांत संसार भरून ऊसतोडीला निघतात. आणि बीड जिल्ह्यातून दर साल निघणाऱ्या या प्रचंड लोकयात्रेचा सगळा कारभार ज्या एका वस्तूवर चालतो ती वस्तू म्हणजे मुकादमाच्या खिशातली एक वही होय. तीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. माणूस एकटे असले तर ‘अर्धा कोयता’. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, त्यातली गेल्या हंगामात किती फिटली आणि किती अंगावर राहिली, बाई कोणत्या दिवशी पोटात दुखते म्हणून फडावर आली नाही आणि त्या खाड्यापोटी किती रुपये कापले गेले, हे सारे तीत सापडते. कारखाना सांगलीचा असो, कोल्हापूरचा असो, की थेट कर्नाटकातील बेळगावचा असो. मुलूख बदलतो, भाषा बदलते, पण वहीतील नोंद तुटत नाही. ही वही हे शोषणाचे हत्यार आहे, याविषयी मला यत्किंचितही संदेह नाही. परंतु हिशेबाचे साधन म्हणून ती जितकी बिनचूक आहे, तितके बिनचूक असे एकही साधन त्याच बाईच्या प्रकृतीचा आणि तिच्या लेकराच्या जगण्यामरण्याचा हिशेब ठेवण्यासाठी सरकारजवळ असू नये, ही गोष्ट मला लज्जास्पद वाटते.

लिहिण्याच्या बाबतीत आपले सरकार कंजूष आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. उपकेंद्रातील परिचारिका गरोदर बाईची नोंद आपल्या रजिस्टरात आणि प्रजनन व बाल आरोग्याच्या पोर्टलावर करते. अंगणवाडी सेविका तीच बाई २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये भरते. सोनोग्राफी केंद्र तिच्या नावाने ‘एफ फॉर्म’ भरते. प्रसूतीची नोंद रुग्णालयाच्या वहीत पडते आणि जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. जननी सुरक्षा योजनेचे आणि मातृवंदना योजनेचे पैसे तिच्या बँकखात्यावर पडतात, त्यांची पाने निराळी. शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेतून झाली तर तिची फाइल आणखी कुठे. आणि बाई ऊसतोडीला जाणारी असेल तर ग्रामसेवकाने ओळखपत्रासाठी केलेली यादी अगदीच वेगळ्या खात्याची. बाई एक, दप्तरे आठ, क्रमांक आठ, आणि त्या आठांची आपसात ओळखदेख नाही.

जुन्या कारभारात एक फार सुंदर शब्द होता : रुजवात. दोन ठिकाणचे हिशेब समोरासमोर ठेवून कलमाशी कलम पडताळून पाहायचे, आणि जिथे जुळणार नाही तिथे बोट ठेवायचे. हल्ली संगणकाच्या भाषेत ज्याला ‘डेटा लिंकेज’ म्हणतात तो प्रकार तत्त्वतः यापेक्षा निराळा नाही. तो नसल्यामुळे काय होते, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, धारूर तालुक्यातील एखाद्या तांड्यावरची एकोणीस वर्षांची मुलगी आश्विनात पाच महिन्यांची गरोदर आहे. उपकेंद्रात तिचे वजन झाले, रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, माता-बाल संरक्षण कार्ड मिळाले. ते कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवले आणि ती टोळीबरोबर कराडकडे गेली. तिथे पाचटाची कोपी. पहाटे काळोखात फडावर जायचे. नवऱ्याने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायच्या. गावच्या अंगणवाडीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. कराडच्या अंगणवाडीला ती आल्याची वार्ता नाही. पौषात कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा पेटी कोपीतच राहिली. त्यामुळे रक्तातले लोह पूर्वी किती होते, पहिले मूल कसे झाले होते, हे तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार? नाव विचारले तेव्हा आधारकार्डावरचे माहेरचे सांगितले. मूल झाले, त्याची नोंद ‘अमुकचे बाळ’ अशी झाली, आणि १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथेच, म्हणजे सातारा जिल्ह्यात झाली. चैत्रात टोळी परतली. धारूरच्या परिचारिकेच्या रजिस्टरात त्या बाईच्या ओळीत पाचवा महिना लिहिलेला आहे आणि त्यापुढचे रकाने कोरे आहेत.

हा कोरा रकाना म्हणजे काय समजायचे? मूल जिवंत जन्मले, की मृत जन्मले? मुलगी आहे असे कळून पोटातच संपवले, की ते धडधाकट असून केवळ दुसऱ्या जिल्ह्यात लिहिले गेले? चारही शक्यतांचा रकाना सारखाच कोरा दिसतो. असे कोरे रकाने शेकड्यांनी साठले म्हणजे त्यांच्या बेरजेतून जिल्ह्याचे आकडे तयार होतात, आणि त्या आकड्यांवर मुंबईत बैठका होतात.

नावाचा घोटाळा तर आपल्या रीतिरिवाजातच बसलेला आहे. लग्नाआधी मुलीच्या नावामागे बापाचे नाव आणि बापाचे आडनाव. लग्नानंतर नवऱ्याचे नाव आणि नवऱ्याचे आडनाव. आणि पुष्कळ घरांत लग्नाच्या तांदळात तिचे पाळण्यातले नावही बदलून टाकायचे! तीन शब्दांपैकी तिन्ही बदलले. त्यात रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक कारकुनाची स्पेलिंगे स्वतंत्र, आणि वय अंदाजपंचे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असल्यामुळे पहिल्या लेकराची नोंद एका गावी आणि दुसऱ्याची दुसऱ्या गावी. युरोपातल्या पुस्तकात वाचून नोंदी जुळवण्याचे सूत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाला हे कोणी सांगितले नाही, तर त्याचे यंत्र एका बाईच्या दोन बायका करील आणि दोन बायकांची एक.

बीडच्या बाबतीत हे केवळ कारकुनी दुखणे नाही. २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली असलेला हा जिल्हा २०११मध्ये ८०७वर आला. राज्यात इतका खाली दुसरा जिल्हा नव्हता. २०१२ साली परळीत अवैध गर्भपाताच्या वेळी एका मातेचा मृत्यू झाला आणि जे वर्षानुवर्षे कुजबुजीत होते ते चव्हाट्यावर आले. वास्तविक सोनोग्राफीचे फॉर्म होते, गर्भपात केंद्रांच्या नोंदी होत्या, जन्माच्या वह्या होत्या. त्या समोरासमोर ठेवल्या असत्या तर जनगणनेच्या दशवार्षिक घंटेची वाट पाहावी लागली नसती. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण बसवून, यंत्रावर झालेली तपासणी आणि कागदावर दाखवलेली तपासणी यांचा मेळ घालण्याचा प्रयोग केला, तो कथालेखकाच्या प्रतिभेपेक्षा जुन्या फडणिसाच्या चिकाटीतून आलेला होता, असे मला वाटते. (ते उत्तम कथालेखक आहेत, म्हणून हे म्हणण्याचे धाडस.) पुढे २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे ती दशवार्षिक घंटाही आता मुकी आहे.

आणि मग गर्भपिशव्यांचे प्रकरण. २०१९मध्ये विधिमंडळात जो आकडा सांगण्यात आला तो असा : जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. त्याच साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांना घरोघर जाऊन विचारले, तेव्हा १३,८६१ स्त्रियांनी आपली गर्भपिशवी काढल्याचे सांगितले. पहिला आकडा रुग्णालयांच्या कागदांतून आला, दुसरा बायकांच्या तोंडून. पहिल्यात ऊस न तोडणाऱ्याही आहेत. दुसऱ्यात अनेक वर्षांपूर्वी आणि जिल्ह्याबाहेर शस्त्रक्रिया झालेल्याही असणार. ते एकमेकांतून वजा करता येत नाहीत, एकमेकांत मिळवता येत नाहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर खरोखर हवे होते ते असे : या बाईचे लग्न कितव्या वर्षी झाले, तिला किती मुले झाली नि किती वाचली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केव्हा झाली, अंगावर पांढरे जाण्याची तक्रार घेऊन ती किती दवाखाने हिंडली, आणि पिशवी काढल्यानंतर दहा वर्षांनी तिच्या हाडांची काय अवस्था आहे? यातील प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या दप्तरात पडलेला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या शंभर विवाहितांपैकी नव्हे, शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ ४४ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. सोळाव्या वर्षी बोहल्यावर, विशीच्या आत दोन बाळंतपणे, पंचविशीत नसबंदी, तिशीत गर्भपिशवी गेलेली : ही एका बाईची आयुष्यरेषा आहे, असे आपण अनुभवाने बोलतो. पुराव्याने दाखवायची वेळ आली की हात रिकामे.

त्यानंतर खासगी रुग्णालयांना गर्भपिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक झाले, ते योग्यच झाले. तरी २०२४च्या हंगामासंबंधीच्या आरोग्य तपासणीच्या अहवालात पिशवी काढून फडावर गेलेल्या ८४३ स्त्रिया आणि गरोदरपणी फडावर गेलेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रिया निघाल्याच. बीडच्या परवानग्या कमी झाल्या म्हणून शस्त्रक्रिया कमी झाल्या, की बायका शेजारच्या जिल्ह्यात जाऊ लागल्या, याचा निर्णय बीडचे दप्तर एकटे करू शकत नाही. गरोदरपणी गेलेल्या त्या दीड हजार स्त्रियांच्या लेकरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारण्याची तर आपल्या कागदांत सोयच नाही.

सोय केली म्हणजे काय गवसते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या गर्भारपणातील आहाराची, रक्ताची, कष्टाची नोंद केली. मूल जन्मल्यावर त्याला मोजले. आणि मग त्याच मुलांचा माग सोडला नाही. ती सहा वर्षांची झाली तेव्हा असे दिसून आले की, ज्या मातांच्या रक्तात गर्भारपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत पुढील मधुमेहाची पूर्वचिन्हे अधिक होती. जन्मतः इंग्रज बाळांहून कितीतरी हलकी असलेली ही बाळे दिसायला किडकिडीत, पण चरबी राखून असलेली. आईचा कागद आणि लेकराचा कागद यांना जोडणारा दोरा मध्येच तुटला असता, तर ही गोष्ट कोणाला कळती? त्या दोऱ्याचे काम तिथे यंत्राने केले नव्हते. वर्षानुवर्षे त्याच उंबऱ्यांवर जाणाऱ्या क्षेत्रकार्यकर्त्यांनी केले होते. थॅलिडोमाइड या औषधाने हजारो अपंग बालके जन्माला घातल्यावर नॉर्वेने १९६७मध्ये प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंदवही सुरू केली, आणि तिथल्या प्रत्येक नागरिकाला एकच क्रमांक असल्यामुळे आईची वही लेकराच्या वहीशी सहज जुळू लागली. त्याच्याही आधी, १९४६ साली, हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्याने जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विखुरलेल्या नोंदींची पाने एकत्र बांधून प्रत्येक माणसाचे एक पुस्तक करावे, अशी कल्पना मांडली होती. त्या कल्पनेला लवकरच ऐंशी वर्षे होतील, किंवा झालीही असतील. आपल्याकडची पाने अजून सुटीच आहेत.

‘आमच्याकडे हे व्हायचे नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी मराठवाड्यातलाच एक ताजा दाखला देईन. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. बीडसकट सर्व जिल्ह्यांत रेकॉर्ड रूमची कुलपे निघाली. मोडी वाचणारे शोधले गेले, उर्दू-फारसी जाणणारे शोधले गेले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, गाव नमुना १४ नावाची जन्म-मृत्यूची जुनी वही, असे वाळवीने अर्धे खाल्लेले कागद उन्हाला आले, आणि पणजोबाच्या एका ओळीशी पणतवाची वंशावळ जोडून दाखले निघू लागले. त्या समितीच्या फलिताविषयी मतभेद आहेत आणि तो माझा आजचा विषय नव्हे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या सरकारला शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी अक्षरातून पणजोबा आणि पणतू जोडता आले, त्याला गेल्या पौषात बाळंत झालेली आई आणि तिचे लेकरू जोडता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

मात्र येथे थांबून एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण दप्तरे जुळवण्याचा उत्साह हा पुष्कळदा बाईवर पहारा बसवण्याच्या उत्साहाचेच सोज्ज्वळ रूप असतो. प्रत्येक गरोदर बाईचा रकाना भरलाच पाहिजे असे फर्मान निघाले, की ज्या रकान्यात मूल दिसत नाही त्या बाईच्या दारात चौकशी उभी राहते. आणि कायदेशीर गर्भपाताचा तिचा हक्क, जो १९७१च्या कायद्याने दिला आहे आणि ज्याची नोंद गुप्त ठेवण्याचा नियम त्याच कायद्याखाली आहे, तो लिंगनिवडीच्या गुन्ह्याच्या संशयात चिरडला जातो. आशाताईला गावाने आपली मानले आहे. तिला उद्या खबऱ्या केले, तर बायका तिला दिवस गेल्याचेच सांगणार नाहीत, आणि आज कोरे असलेले रकाने उद्या खोटे भरलेले मिळतील. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले ते शहरातल्या मोबाइलवाल्यांपुरते नव्हते. तो कोपीतल्या बाईचाही आहे. माझ्या मते गर्भपाताची वही नावानिशी कोणत्याही जोडणीत येता कामा नये. बाकीच्या वह्यांसाठी परीक्षा मंडळाची जुनी युक्ती पुरे : नाव पाहून कागद जुळवणाऱ्याला आतला मजकूर दिसू नये, आणि मजकूर तपासणाऱ्याला नाव दिसू नये. ऑस्ट्रेलियात आणि वेल्समध्ये ही जोडणी अशीच चालते.

दुसरा धोका साधा आहे : हे ओझेही शेवटी अंगणवाडी सेविकेच्याच मानेवर पडेल. २०२१मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, कारण फोन निकृष्ट होते आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता. मराठी गावातल्या मराठी बाईने मराठी लेकराचे वजन इंग्रजीत का भरावे, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. नव्या जोडणीत तिने एक अक्षरही जादा लिहू नये. उलट आज तीन ठिकाणी लिहावे लागते ते एकदाच लिहावे लागावे. एरवी मी या योजनेच्या बाजूचा नाही.

आता बीडमध्ये काय व्हावे? पहिली गोष्ट इतकी सोपी आहे की ती आजवर का झाली नाही याचे नवल वाटते. जन्माची वर्दी देण्याच्या छापील नमुन्यात, त्याच्या सांख्यिकी भागात, आईचे राहते गाव कोणते हा रकाना मुळातच आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर येथल्या निबंधकांनी त्या रकान्यात ‘जिल्हा बीड’ असलेल्या जन्मांची आणि मृत्यूंची नुसती बेरीज, मुलगा-मुलगी भेद करून, दर महिन्याला बीडकडे पाठवली, तर कोणाचेही नाव न उघडता, कुठलेही कार्ड न मागता, जिल्ह्याचा खरा जन्मदर आणि खरे लिंगगुणोत्तर वर्षभरात दिसू लागेल. बेळगावसाठी शेजारच्या राज्याशी पत्रव्यवहार करावा लागेल, तो करावा. दुसरी गोष्ट : ग्रामसेवकाची ऊसतोड कामगारांची यादी आणि परिचारिकेची गरोदर बायकांची यादी दसऱ्यापूर्वी एका टेबलावर मांडून, जी बाई जाणार आहे तिची नोंद ती पोहोचायच्या आत तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळावी. कुठला कोयता कुठल्या कारखान्याला जाणार हे मुकादमाला महिनेमहिने आधी ठाऊक असते; कारखान्यालाही असते. तिसरी गोष्ट : जुळवलेल्या दप्तरांची किल्ली कलेक्टर कचेरीत किंवा पोलिसांत असू नये. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही राखण त्याने पत्करावी, आणि जे निष्पन्न होईल ते दर साली मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. हे जन्म गावचे आहेत; त्यांचा ताळेबंद पाहण्याचा पहिला हक्क गावाचा आहे.

कोपीत जन्मलेल्या लेकरासाठी आणखी एक निकड आहे. जन्माची वर्दी २१ दिवसांत द्यावी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय नोंद होत नाही. आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला आहे. टोळीचा मुक्काम एका फडावर २१ दिवस टिकेलच असे नसते.

गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, पण उचलीचे वाटप पावसाळ्यातच होऊ लागते. जिल्हा परिषदेने आपली यादी करायला घेतली तेव्हा मुकादमाच्या वहीत तीच नावे अगोदरच पडलेली असतील.